भैरूच्या नोंदी : एका तरुण जर्मन शेफर्डचा स्वभाव

२१ जुलै २०२४

प्रश्न एवढाच: भैरूला शेतावर राखणीला ठेवायचं की घरी. जानेवारीत त्याला वर्ष होईल, तोवर ठरवायचं.

दादाचं ठरलेलंच आहे. गेल्या हंगामात अंजिराच्या बागेतून रात्रीत माल गेला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. जर्मन शेफर्ड आणायचा, विहिरीजवळ साखळीला बांधायचा, दोन महिन्यांत आपोआप कडक होतो. वहिनी म्हणते, मिक्सर लावला की जो न्हाणीत जाऊन बसतो तो चोराला काय धरणार! आण्णा अजून त्याला अल्सेशियनच म्हणतात. त्यांच्या तरुणपणी सासवडला एका डॉक्टरांकडे तसला एक होता आणि तो 'अगदी माणसासारखा' होता, एवढ्यावर त्यांचं मत तयार आहे.

मी जेजुरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. 'माल बरा वाटतोय' असा शेरा आमच्याकडे चालत नाही. किती आणि कशावरून, ते लिहावं लागतं. घरीही तोच नियम लावायचा ठरवलं. जानेवारीपर्यंत कुणी निकाल द्यायचा नाही, मी वही ठेवते. दादा हसला, पण हो म्हणाला.

आजची स्थिती: वय सहा महिने, वजन २३ किलो. दुधाचे दात पडले, सुळे पुरते आले. डावा कान ताठ, उजवा दमला की अजून झुकतो. रेबीजसह लसी पूर्ण.

२४ जुलै

रागीट, भित्रा, हट्टी, शहाणा. हे चार शब्द वहीत बंद. एकदा 'भित्रा' लिहिलं की पुढे जे जे दिसेल ते भित्रेपणातच जमा होतं.

मग लिहायचं काय? स्वीडनमध्ये कामाच्या कुत्र्यांची संघटना १९८९ पासून एक चाचणी घेते, ती समजून घेतली. कुत्रा चालत असताना समोर अचानक कपड्यांचा पुतळा उभा करतात, पत्र्यावरून साखळी खडखडत ओढतात, पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन माणसं सावकाश त्याच्याकडे चालत येतात, शेवटी बंदुकीचा बार. कुत्रा दचकतो का, एवढंच त्यात बघत नाहीत. किती मागे सरतो, किती वेळाने परत येऊन ती वस्तू हुंगतो, तिथून दुसऱ्यांदा जाताना वळसा घालतो का, हे सगळं टिपतात. २००२ मध्ये अशा १५ हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यातून स्वभावाचे पाच पैलू निघाले: खेळकरपणा, कुतूहल आणि निर्भयता, पाठलागाची ओढ, परक्या माणसांत मिसळणं, आणि आक्रमकता. पहिले चार बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. आक्रमकता मात्र वेगळी पडते.

हे दादाला वाचून दाखवलं. धीट कुत्रा आणि चावरा कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला मान्य व्हायला वेळ लागेल.

बंदूक वगैरे आपल्याला करायची नाही. रोजच्या घरात पुरेसं काही पडत-आपटत असतं. ठरवलेले रकाने: काय घडलं, किती अंतरावर, अंगाचं काय झालं, सावरायला किती वेळ. सावरला कधी म्हणायचं? हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडा नीट चावून खाल्ला की. घाबरलेला किंवा पेटलेला कुत्रा खाऊ घेत नाही, घेतला तरी तोंडातून टाकतो. याहून सोपं मोजमाप मला सापडलं नाही.

२८ जुलै

वहिनीच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. भैरू चार-पाच पावलांवर होता. एका झेपेत दारापर्यंत, शेपूट पोटाखाली, कान मागे. पण दाराबाहेर गेला नाही, उंबऱ्यावर थांबून वळला. मान खाली घालून, मागचे पाय जागेवर रोवून पुढचं अंग लांब केलं, नाक झाकणाकडे. जिभेनं दोनदा नाक चाटलं. मग सगळं अंग झटकलं, पाण्यातून आल्यासारखं, आणि झाकणापाशी येऊन शिट्टीचं भोक हुंगत बसला. खाऊ घेतला. सगळं मिळून अर्धा मिनिटही नसेल.

वहिनीने पाहिलं ते फक्त पळणं. मी त्यानंतरचं पाहत होते म्हणून दिसलं. जर्मन शेफर्डच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे एफसीआय या श्वान-संघटनांच्या जागतिक महासंघाच्या १६६ क्रमांकाच्या, स्वभावाबद्दल पहिली अपेक्षा मजबूत नसांची आहे: समतोल, आत्मविश्वास असलेला, आणि कुणी डिवचलं नसेल तर मवाळ. दचकायचं नाही असं कुठेही म्हटलेलं नाही.

४ ऑगस्ट

घंटागाडी. हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की फाटकाशी उभा राहून भुंकतो, गाडी निघून जाते, तो शेपूट वर करून परत येतो. रोज. त्याच्या हिशेबानं तो भुंकला म्हणून गाडी गेली. दूधवाल्याचंही तेच. रोज जिंकणारा खेळाडू खेळ कशाला सोडेल?

आज सकाळी गाडी यायच्या आधीच त्याला घेऊन समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. पंचवीस-तीस पावलांवर कान उभे, तोंड मिटलं, पण भुंकला नाही आणि खाऊ घेतला. पंधरा पावलांवर खाऊ तोंडातून पडला. म्हणजे सध्याचं अंतर या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. रोज तिथूनच बघायचं, गाडी दिसली की चिकन, गाडी गेली की चिकन बंद. फाटकाला आतून हिरवं शेडनेट बांधलं, म्हणजे घरी असताना त्याची रोजची 'जीत' तरी थांबेल.

११ ऑगस्ट

पुतण्या सायकल घेऊन अंगणात गोल फिरला की भैरू बाहेरून गोल फिरतो. पुतण्या पळाला की टाचेला तोंड लावतो. दात रुतत नाहीत, पण पोरगं घाबरतं आणि वहिनी चिडते, रास्तच. दादा खूश: "बघ, पकडतोय."

मला हे राखणीपेक्षा मेंढपाळीचं जास्त वाटतं. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या कप्तानाने १८९९ मध्ये ही जात नोंदवायला सुरुवात केली. पहिला नोंदलेला कुत्रा होरांड, मेंढ्यांमागच्या कुत्र्यांतलाच. पोलिस आणि फौज पुढची. जर्मनीत मेंढ्या रस्त्याकडेच्या पट्ट्यांत चारतात, दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं उभं पीक. तिथे कुत्र्याचं काम पिकाच्या कडेची एक रेघ धरून दिवसभर मागे-पुढे चालत राहायचं, मेंढीनं तोंड रेघेबाहेर काढलं की तिला आत घालायचं. बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यासारखं दबा धरून, नजर रोखून मेंढ्या हाकणं नाही. हा चालतं-फिरतं कुंपण असतो.

आता भैरूची अंगणातली वाट बघा. कंपाउंडच्या भिंतीपासून हातभर आत, चारही बाजूंनी, गवत मरून माती उघडी पडली आहे. तो कंटाळून फेऱ्या मारतो असं आम्ही समजत होतो. कंटाळाही असेल. पण कुठलाही कंटाळलेला गावठी कुत्रा अशी काटेकोर रेघ मारताना मी पाहिलेला नाही.

उपाय म्हणून पुतण्याने पळायचंच नाही असं करता येत नाही, नऊ वर्षांचं पोर आहे. सायकलच्या वेळी भैरू दोरीवर आणि तोंडात चिंध्यांचा दोर. तोंड रिकामं नसलं की टाच वाचते.

१८ ऑगस्ट

मानेवरचे केस. आण्णांचा समज असा की केस उभे राहिले म्हणजे कुत्रा आता चावणार. आठवडाभर फक्त तेवढंच बघितलं. केस उभे राहिले: नवा टोपीवाला पोस्टमन दिसला तेव्हा, वाऱ्याने ताडपत्री फुगली तेव्हा, शेजारच्या कुत्रीशी खेळताना, आणि एकदा काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर भुंकताना. आपल्या अंगावर काटा येतो तसंच, मनावर नसतं. आतून काहीतरी पेटलंय एवढंच कळतं. काय पेटलंय ते बाकीच्या अंगावरून वाचायचं: वजन पुढे की मागे, तोंड ढिलं की मिटलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो का, शेपूट ताठ उभी की सैल.

भैरूचं वजन बहुतेक वेळा मागच्या पायांवर असतं. भुंकणं मोठं, पण अंग मागे.

८ सप्टेंबर

गणपती बसले. चौकात ढोल-ताशा. पहिल्या दिवशी गच्चीवरून ऐकवलं, मी शेजारी. थरथरला नाही, पण खाऊ घ्यायला पाच मिनिटं लागली. ढोलापेक्षा ताशा त्याला जास्त लागतो.

१५ सप्टेंबर

आठ महिने झाले आणि माझ्या नावाने शंख. 'बस' म्हटलं की माझ्याकडे बघतो, मग लांब कुठेतरी बघतो, जणू हाक दुसऱ्याच कुणाला होती. शेजारच्या काकूंनी 'बस' म्हटलं की बसतो!

याबद्दल वाचलेलं आठवत होतं, पुन्हा काढून वाचलं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांच्या मार्गदर्शनासाठी वाढवलेल्या तरुण कुत्र्यांवर नेमकं हेच पाहिलं. आठ महिन्यांच्या सुमारास कुत्री स्वतःच्या माणसाचं 'बस' कमी ऐकत होती, परक्याचं मात्र ऐकत होती. ज्या कुत्र्यांची आपल्या माणसाबाबतची ओढ असुरक्षित, म्हणजे माणूस दूर गेला की कासावीस होणारी, त्यांच्यात हे जास्त. आणि हे काही महिन्यांत ओसरतं. ती कुत्री बहुतेक लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचे संकर होते, शेफर्डचं तंतोतंत तसंच असेल असं नाही. तरी हे वाचून बरं वाटलं.

धोका इथे वेगळाच आहे. या वयातली अवज्ञा पाहून माणसं हात उचलतात, कुत्रं टाकून देतात किंवा साखळीला बांधतात. दादाने कालच विचारलं, "आता बांधायची वेळ झाली ना?" म्हटलं, वही जानेवारीपर्यंत.

१७ सप्टेंबर

विसर्जन. दुपारपासून त्याला आतल्या खोलीत, पंखा फुल, आण्णांचा टीव्ही मोठ्याने. झोपला. आण्णाही.

२९ सप्टेंबर

आज त्याने माझ्यावर गुरगुरून घेतलं. अंग पुसत होते, डाव्या पुढच्या पायाच्या वरच्या हाडावर टॉवेल दाबला गेला. गुरगुर बारीक, घशातली, मान वळवून माझ्या मनगटाजवळ तोंड आणलं, पण लावलं नाही. मी हात काढला तसा त्याने चेहरा फिरवला.

दादा म्हणाला, "आली लाइनीवर." वहिनी म्हणाली, पोरांच्या घरात हे चालणार नाही.

मागच्या नोंदी चाळल्या. २५ तारखेला 'उजवा मागचा पाय उचलून चालतो, संध्याकाळी ठीक' असं लिहिलेलं सापडलं. २७ ला 'जिना चढायला नको म्हणतो'. आता डावा पुढचा. दुखणं पाय बदलतंय. उद्या डॉक्टर.

३० सप्टेंबर

डॉक्टरांनी लांब हाडं एकेक करून अंगठ्याने दाबली. डाव्या पुढच्या पायावर भैरूने तेच केलं, गुरगुरून तोंड वळवलं. एक्स-रे काढला. पॅनोस्टायटिस. वाढत्या वयात हाडांच्या आत होणारी दुखरी सूज, मोठ्या जातींत, त्यातही जर्मन शेफर्डमध्ये नेहमीची, साधारण पाच महिने ते सव्वा-दीड वर्षाच्या दरम्यान. आज हा पाय, पंधरा दिवसांनी तो, आणि मग आपली आपण जाते. विश्रांती, पळापळ बंद, दुखणं कमी करायची कुत्र्यांची गोळी. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घरी असतील तर त्या चुकूनही देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. गोचिडतापासाठी रक्तही तपासलं, ते स्वच्छ आलं.

निघताना दादाने डॉक्टरांना विचारून घेतलंच: खच्चीकरण केलं तर शांत होईल का? डॉक्टर म्हणाले, या जातीत घाई नको. अमेरिकेत जर्मन शेफर्डवर २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत सांध्यांच्या विकारांचं प्रमाण न केलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. आणि भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याची भीती त्याने जाईलच असं नाही.

वहीत नवा रकाना: 'दुखतंय का?' गुरगुर लिहिण्याआधी हा भरायचा. गुरगुरला म्हणून त्याला दटावलं नाही, याचं घरात सगळ्यांना नवल. मला उलट ते त्याचं सगळ्यात समंजस वागणं वाटलं. दात जवळ आणून लावले नाहीत, आणि आधी सांगितलं.

१३ ऑक्टोबर

लंगडणं थांबलं. हाडं दाबली, काही नाही. काल दसऱ्याला दादाने ट्रॅक्टरला हार घातला, एक भैरूच्याही गळ्यात. त्याने तो पाच मिनिटांत खाल्ला.

घंटागाडीचं अंतर आता बारा पावलांवर आलंय. रोज न चुकता.

२० ऑक्टोबर

शेतावर पहिली खरी चाचणी. दादाच्या मनासारखी, विहिरीजवळ साखळीला, संध्याकाळी सहा ते आठ. मी पंपाच्या खोलीत, खिडकीच्या फटीतून बघत. भैरूला मी दिसत नव्हते, वारा त्याच्याकडून माझ्याकडे.

बांधावरून मोटारसायकल गेली. साधारण साठ पावलं. साखळी ताणून उभा, मागच्या पायांवर, खोल आवाजात भुंकणं. मोटारसायकल वळणाआड गेली. भुंकणं थांबलं नाही. साखळीच्या टोकाला अर्धवर्तुळ, इकडून तिकडे, इकडून तिकडे. समोर ठेवलेलं चिकन पायाखाली गेलं. पाणी नाही. वीस मिनिटांनीही खाल्लं नव्हतं, तेव्हाच दुसरी मोटारसायकल आली आणि पुन्हा पहिल्यापासून. आठला मी बाहेर आले तर जीभ बाहेर, डोळे मोठे, मला ओळखून आधी एक भुंकला आणि मग अंगावर चढला.

आठनंतर मी साखळी सोडून दोरी धरली आणि तिथेच बसले. त्याच बांधावरून ट्रॅक्टर गेला, मोटारसायकलीहून मोठा आवाज. भैरू दोनदा भुंकला, वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. त्याने जमीन हुंगली, तुडवलेलं चिकन शोधून खाल्लं. मिनिटाच्या आत.

दादाला दोन्ही दाखवलं होतं. तो म्हणाला, "पण भुंकत राहिला तर चांगलंच की, चोर येणार नाही." याला उत्तर द्यायला मला काळूकडे बघावं लागलं.

काळू शेतावरचा गावठी. कुणी आणला नाही, आपला आपण राहिला. ट्रॅक्टर गेला तेव्हा त्याने मान वर करून फक्त पाहिलं. मोटारसायकलींना एकेकदा भुंकला. साडेसातला शेजारच्या वावरातला माणूस बांध सोडून आमच्या बागेत उतरला, तेव्हा मात्र काळू उठून त्याच्या दिशेने गेला आणि तो माणूस परत बांधावर चढेपर्यंत थांबला नाही. रस्त्यावरचा आणि रस्ता सोडलेला, हा फरक त्याला कळतो. शेजारच्या वस्तीवरचे लोक काळू भुंकला की बॅटरी मारून बघतात. रात्रभर भुंकणाऱ्याकडे तिसऱ्या रात्रीनंतर कोण बघणार?

२७ ऑक्टोबर

कालची चाचणी तशीच, पण क्रम उलटा: आधी मी जवळ, मग साखळी. क्वालिटीत क्रमाचा संशय आधी घालवतात. फरक तोच राहिला. जवळ माणूस असेल तर मिनिटाच्या आत, एकटा बांधलेला असेल तर मोजायची वेळ संपते पण तो सावरत नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. फटाके. आतली खोली, पंखा, टीव्ही, मी खाली जमिनीवर. सुतळी बॉम्बला मांडीत डोकं खुपसलं, थोपटलं. 'लाड केले की भीती वाढते' असं ऐकवणारे पाहुणे दरवर्षी येतात. भीती ही काही खाऊच्या आशेने केलेली युक्ती नाही, की थोपटलं म्हणून तो ती पुन्हा करेल. रात्री अकराला चाटण खाल्लं.

सकाळी अंगणात जळका कागद हुंगून त्यावर मुतून आला. हेही सावरण्यातच धरते.

१० नोव्हेंबर

दादा: "जातच तशी असते, रक्तात असतं." आण्णांचंही तेच, फक्त सूर कौतुकाचा.

२०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक एकत्र तपासले. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडतो तो वाटा सुमारे ९ टक्के. म्हणजे जातीचा काही संबंध नाही असं नाही. शिकवणं किती पटकन घेतो, कशाच्या मागे लागतो, यात जात दिसते. पण समोरचा एक कुत्रा परक्या माणसाशी कसा वागेल हे त्याच्या जातीवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. एकाच वेतातली पिल्लं वेगळी निघतात. भैरूचा एक भाऊ हडपसरला आहे, तो म्हणे घंटागाडीत उडी मारून बसतो.

२४ नोव्हेंबर

मेंढ्या! दिवाळीनंतर बारामती-फलटणकडचे धनगर कोकणाच्या वाटेला लागतात. दोन रात्रींसाठी आमच्या रिकाम्या वावरात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसवलाय. खताला मेंढरं बसवायची आण्णांची जुनी पद्धत.

भैरूला लांब दोरीवर नेलं. दूर, शंभर पावलांवर. त्यांची कुत्री बांधायला सांगितलं होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी दोन बांधली, तिसरं म्हणे 'काय करत न्हाई', आणि खरंच काही केलं नाही.

भैरू थिजला. कान, नाक, सगळं पुढे, आणि आज पहिल्यांदा वजनही पुढच्या पायांवर. भुंकला नाही. खाऊ दाखवला, त्याने पाहिलंही नाही. वहीच्या हिशेबाने ही 'न सावरलेली' अवस्था, पण भीतीची नव्हे. मग तो आडवा चालू लागला. मेंढरांकडे न जाता त्यांच्या कडेनं, दोरी पुरेल तिथपर्यंत, वळून परत. एक कोकरू बाहेर पडलं तसा त्याचा वेग वाढला, ते आत गेलं की कमी.

मामा तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "ह्ये कडंकडंनं पळतंय. ह्याला मधी शिरायचं न्हाई."

मी जर्मनीचं सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "मेंढरामागचं कुत्रं आसंच आसतं." मग त्यांनी विचारलं, रात्री कुठं बांधता? दादा बागेकडे बघायला लागला. मामा म्हणाले, आमची कुत्री रात्री सुटी असतात आणि माणसाशेजारी निजतात, लांडगा आला की पहिल्यांदा माणसाला उठवतात. "एकलं बांधलं तर कुणाला उठवंल?"

दहा मिनिटांतच परत आणलं. पहिल्याच दिवशी एवढं पुरे, आणि मेंढरं गाभण होती.

एका दुपारच्या पाहण्यावरून रक्तातली मेंढपाळी सिद्ध होत नाही, तरुण कुत्रा हलत्या कळपाकडे ओढला जाणारच. तरी कडेनं पळणं मी पाहिलं ते पाहिलं.

१५ डिसेंबर

घंटागाडी, फाटकाबाहेर, पाच पावलं. कान हलले, माझ्याकडे बघितलं, खाऊ मागितला. गाडीवाल्या काकांनी 'काय साहेब' म्हटलं. शेपूट सैल हलली. 'बस' पुन्हा ऐकू यायला लागलंय, सगळ्यांचंच.

पुतण्याने त्याला नवा उद्योग लावला: भाकरीचे तुकडे अंगणात लपवायचे आणि 'शोध' म्हणायचं. पंधरा मिनिटं नाक चाललं की दोन तास झोप. आमच्या संध्याकाळच्या फिरण्यापेक्षा हे त्याला जास्त दमवतं.

१२ जानेवारी २०२५

वर्षाचा झाला. ३३ किलो, दोन्ही कान ताठ.

सगळ्यांना बसवून वही वाचली. निष्कर्ष माझ्या शब्दांत: पटकन दचकतो, पटकन सावरतो, पण सावरताना आधी माणसाकडे बघतो. माणूस नसेल तर ते बघणं कुठेच पोचत नाही आणि तो अडकून पडतो. साखळीला बांधून तो कडक होणार नाही, रोज रात्री न सावरलेला राहील, आणि असा कुत्रा एके दिवशी चोराला सोडून सकाळी पाणी द्यायला आलेल्या गड्याला धरेल.

वहिनीने 'भित्रा' मागे घेतलं. आण्णा म्हणाले, मी आधीपासून सांगत होतो. त्यांनी नक्की काय सांगितलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

दादा बराच वेळ गप्प. मग: "आणि अंजिराचं काय?"

१९ जानेवारी

ठरलं ते असं. भैरू रात्री घरी, ओसरीवर, आण्णांच्या खाटेजवळ. सकाळी दादाबरोबर शेतावर, लांब दोरीवर, बागेच्या कडेने दोन फेऱ्या. ती त्याची रेघ. साखळी नाही. बागेची राखण काळूच करतो, आधीपासून करतोच आहे, फक्त त्याला कुणी पगार देत नव्हतं. त्याला पत्र्याचं छप्पर, रोज संध्याकाळी भाकरी आणि रेबीजची लस. विहिरीवर सौर दिवा आणि कॅमेरा, कोटेशन दादाने मागवलंय.

दीड वर्षाचा झाल्यावर भैरूचे खुब्याचे एक्स-रे. त्याचं घंटागाडीचं काम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचं.

काळूची लस येत्या रविवारी. त्याला गाडीत कोण घालणार, यावर अजून एकमत नाही.